सिद्रामप्पा आणि शेगडीची जाळी

सिद्रामप्पा दुकानात शिरले की दुकानदाराची सगळी बडबड शांतपणे ऐकून घ्यायचे. कंपनी, गॅरंटी, सवलत, सगळं. मान डोलवायचे. त्याचं बोलून संपलं की एकच प्रश्न टाकायचे, "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरी कुठलं हाय?" कुकर घेताना हेच, गादी घेताना हेच. एकदा तर डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं तेव्हा त्यांनाही हेच विचारलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी चिठ्ठीवरचं औषध बदललं. "विकणारा तोंडानं काय बी बोलतो, मास्तर. पन घरी बायकोपुढं त्याचं काय चालत न्हाय," असं त्यांचं म्हणणं.

मला ते मास्तर म्हणायचे, कारण मी शाळेत चित्रकला शिकवायचो. आमच्या दोन घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत, आणि आमची निम्मी मैत्री त्या भिंतीवर कोपर टेकूनच झाली. ते मूळचे दुधनीचे. सोलापुरात एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांची नोकरी झाली. घरात बायकोशी, गौराक्कांशी, कानडी, माझ्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. लिंगायत माणूस, आणि नेमाचा पक्का. गळ्यात लिंग, आंघोळ, पूजा, आणि मगच पाण्याचा घोट. आम्ही मटण खाणारे. रविवारी आमच्याकडे रस्सा शिजायला लागला की माझी बायको त्यांच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. त्यांनी कधी तसं सांगितलं नव्हतं. उलट भिंतीवरून हाक मारायचे, "मास्तर, आज खिडकी बंद दिसती. चालू द्या, चालू द्या."

या माणसाला कशाचं दुःख होतं म्हणाल, तर ते एकुलत्या एक मुलाचं. बसवराज, आमच्या सगळ्यांचा बसू, पुण्यात नोकरीला. सुरुवातीला यायचा तेव्हा आठवडाभर राहायचा. मग दोन दिवसांवर आला, मग सकाळी येऊन संध्याकाळी परत. आई ताटावर बोलवायची तर म्हणायचा, जेवून आलोय. बापाच्या समोर बसला तरी नजर मोबाईलमध्ये. सिद्रामप्पा तक्रार करणाऱ्यातले नव्हेत, पण तो गेल्यावर बराच वेळ फाटकाशी उभे राहायचे. एकदा न राहवून मला म्हणाले, "पाव्हणा बी यापेक्षा जास्त टेकतो, मास्तर. काय चुकलं आमचं, ते तरी कळू दे की." पोरगं हातातून चाललंय या एका काळजीनं माणूस आतून पोखरला जात होता, आणि ते मला रोज दिसत होतं.

त्यात ती शेगडी आली. बसूनं पुण्यात घर बदललं, तेव्हा जागा नाही म्हणून आपली कोळशाची शेगडी इथे गच्चीवर आणून ठेवली. गोल, काळी, तीन पायांवर उभी आणि डोक्यावर घुमटासारखं झाकण. बार्बेक्यू म्हणतात ती. "कणसं भाजा, वांगी भाजा," म्हणाला आणि गेला. गौराक्कांनी एकदा भरताची वांगी भाजायचं मनावर घेतलं. वरची जाळी काळीकुट्ट दिसली म्हणून सोडा लावून विटेच्या तुकड्यानं अशी घासली, की काळं राहिलं बाजूला, वरचा चकचकीत मुलामाच निघाला. मग ती गच्चीत पावसात पडून राहिली आणि गंजून तांबारली.

सिद्रामप्पा ती जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीपाशी घेऊन आले. खालच्या बाजूला सळयांच्या सांध्यात अजून चिकट थर होता. जाळी माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "वास घ्या."

मी वास घेतला. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला हा वास डोळे बांधूनही ओळखता येईल. मटणाची चरबी. मी त्यांच्या गळ्यातल्या लिंगाकडे बघितलं आणि म्हणालो, "लोणी असेल. कणसांना लावतात ना."

"असंल, असंल," म्हणत त्यांनी जाळी परत गुंडाळली. "नवी घ्यावी लागंल. तुमी बरुबर चला."

मी समजायचं ते समजलो. म्हाताऱ्याला संशय आला आहे, पण बोलायचं नाही. जुनी जाळी जाईल, नवी येईल, शेगडी शुद्ध होईल, आणि विषय संपेल. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटला. मीही उत्साहानं सल्ले द्यायला लागलो. स्टीलची घ्या, बारीक सळयांची घ्या, धुतली की वास राहत नाही. आधी एका वेल्डिंगवाल्याकडून जाळी करून घेतली, ती आत उतरेचना, कारण आम्ही भांड्याचं तोंड मोजलं होतं आणि जाळी बसते आतल्या तीन टेकूंवर. जन्मभर पोरांना वर्तुळं शिकवणारा मास्तर बरोबर होता, म्हणून गौराक्का पुढे बरेच दिवस पदर तोंडाला लावून हसत होत्या.

एरवी एका दिवसात उरकायचं काम, पण सिद्रामप्पांनी ते लांबवलं. पेपर वाचता वाचता, काही विशेष नाही अशा आवाजात विचारायचे, "मास्तर, तुमच्यात मटण भाजत्यात तवा सळया जाड लागतात की बारीक?" मी सांगायचो, जाड बऱ्या, चांगल्या तापतात. दोन दिवसांनी परत, "फटी रुंद लागतात का?" मला वाटायचं, नेमकी कुठली घ्यायची नाही, ते ठरवतायत.

शेवटी सात रस्त्याजवळ हॉटेलचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. इस्माईलभाईंनी तीन जाळ्या मांडल्या. एक मुलामा दिलेली, पहिल्यासारखीच. एक स्टीलची, हलकी, चकचकीत. तिसरी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळी, जाड सळयांची, कडेचे दोन तुकडे उचलून खाली कोळसा टाकता येईल अशी. इस्माईलभाई माणूस सरळ. म्हणाले, "चाचा, बीडकी भारी है, तेल लगाके रखना पडता, नहीं तो जंग पकडती. भुनती मस्त. पर बास छोडती नहीं. एक बार मटन लगा तो बाद में बैंगन को बी वोच बास."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरी कुठली हाय?"

"हमारे घर में तो बीडकीच है."

"मग हीच द्या," सिद्रामप्पा म्हणाले.

मी त्यांना बाजूला ओढलं. "अहो, ऐकलं नाही का? हिचा वास निघत नाही. तुमच्या घरात ही कशाला?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मास्तर, तुमी खोटं लई वाईट बोलता. म्हणं लोणी."

जाळी घेऊन आम्ही शेजारच्या चहाच्या गाड्यावर बसलो. पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली होती. चहा निवत होता आणि ते बोलत होते. "खाल्लं ते त्याच्या पोटात गेलं. पन लपवलं ते माझ्या घरात आलं की. पोरगं दारात येतंय आन् माझ्या तोंडाकडं बघत न्हाय. मला वाटायचं, नोकरी गेली असंल. न्हायतर कुटं फसलं असंल. रात रात झोप न्हाय. आन् निघालं काय, तर मटण." ते हसले, आणि हसता हसताच त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"म्हणजे तुम्हाला आता पटलं म्हणायचं?" मी विचारलं.

"न्हाय," ते ताडकन म्हणाले. "पटलं न्हाय, मरस्तवर पटायचं न्हाय. माझा नेम माझ्यापाशी. पन पोरगं माझं हाय का न्हाय?" मग गार झालेला चहा एका घोटात संपवून म्हणाले, "त्याची शेगडी त्याच्या घरी पोचवायची. चांगली जाळी घालून."

आणि खरोखरच त्या वयात त्यांनी शेगडीचे पाय सोडवले, झाकण गोणपाटात बांधलं आणि सगळं ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून पुणे गाठलं. घरी एवढंच सांगितलं, की बसूचं सामान बसूला देऊन येतो. बिडाची जाळी मात्र डिकीत ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसले. चार दिवसांनी परतले. मी भिंतीशी वाट बघत होतो. "जाळी बसली," एवढंच म्हणाले आणि पूजेला गेले. माणूस असा, की पोटातलं काढायला सांडशी लागावी.

त्यानंतर बसू येऊन राहायला लागला. बापलेक संध्याकाळी फिरायला जायचे, येताना मोठमोठ्यानं वाद घालायचे, आणि गौराक्का आतून दोघांनाही कानडीत दटावायच्या. घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात सिद्रामप्पा गेले. पूजेला बसले होते, तसेच भिंतीला टेकले. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच माती दिली. बसू खड्ड्यात उतरला, बापाच्या कपाळाला विभूती लावली आणि कितीतरी वेळ वर येईना. शेवटी मीच हात दिला.

तो महिनाभर इथेच राहिला. एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी हळूच विचारलं, "आईला माहीत आहे का रे?"

"मीच सांगितलं, काका. अप्पा पुण्याहून आले, त्यानंतरच्याच खेपेला. ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. मग एकदा वाढता वाढता तिनंच विचारलं, बरोबर भाकरी खातोस का नुसतंच खातोस?"

आम्ही दोघंही हसलो. मग मी विचारलं, "आणि अप्पा? ते आले तेव्हा काय झालं?"

"त्यांनी स्वतः जाळीला तेल लावलं, शेगडीत बसवली आणि म्हणाले, जा, तुझं काय असतंय ते घेऊन ये. मी मटण आणलं, पण त्यांच्यासमोर लावायला हात धजेना. लाव म्हणाले. लावलं. ते शेजारी खुर्ची टाकून बसले, आईनं बांधून दिलेली भाकरी आणि शेंगाचटणी मांडीवर घेऊन. मी चिमटा धरून नुसता उभा. डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसेना. तर अप्पा जेवता जेवता म्हणाले, 'बसू, उलट की रे. एका अंगानं करपायलंय.'"