दादाने जाऊ दिलेला चेंडू

भिजलेल्या चामड्याचा वास आला की अंगणात वाळणारी दादाची गोलकीपरची पॅडं आठवतात. झाशीतल्या हॉकीच्या फायनलला सट्टेवाल्यांचे पैसे घेऊन त्याने एक सोपा चेंडू आत जाऊ दिला. पैसे माझ्या लग्नासाठी होते. मला ठाऊक होतं, तरी मी नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गोल मारणारा पोरगा पेढे घेऊन खंडेराव गेटला आमच्या घरी आला आणि दादाच्या पाया पडला. “भैया, आपको चकमा देकर गोल किया है, अब अम्मा भी मानेंगी कि हम खिलाड़ी हैं.” दादाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, “खूब खेलो,” म्हणाला आणि न्हाणीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. पुन्हा तो मैदानात उतरला नाही. मुलं विचारतात, तेव्हा मी अजूनही सांगते, मामाचा गुडघा दुखावला होता.