आधी दार

निजामाच्या राज्यातली गोष्ट. बांगड्या विकणारी जाहेदाबी पडेगावात आमच्या शेजारी घर बांधायला निघाली. जागा तेवढी मावशीनं दिलेली, बाकी हात रिकामे. सावकाराकडं गेली, तर मेला हसला, "जिला सोताचं दार नाय, तिला कर्ज कोण देणार?"

बाईचं डोकंच फिरलं. होतं नव्हतं ते मोडून तिनं शहागंजच्या बाजारातून जुनं सागवानी दार आणलं आणि मोकळ्या जागेत चौकटीसकट उभं केलं. भिंत एक नाय, चहूकडून वारा! तरी मी बाजूनं आत शिरले की ओरडायची, "ओ मनकर्णाबाई, दार काय शोभेला हाय? कडी वाजवा!" मग मी वळसा घालून कडी वाजवायची, ती आतून "कौन है?" विचारायची, आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तिची शेळीसुद्धा दारातूनच जायला शिकली, खरं सांगते.

जसा धंदा होई, तशी भिंत वर चढे. चार वर्षांनी चारी भिंती आणि छप्पर झालं. दुसऱ्याच दिवशी जाहेदाबी बाजारातून आली, तर आत शेळीनं दाराला धडक दिलेली आणि आतली कडी बसलेली. इतकी वर्षं अशी कडी अडकली की ती भिंतीच्या मोकळ्या बाजूनं शिरायची; त्याच सवयीनं गेली अन् कपाळ नव्या भिंतीवर आपटलं. भिंत चाचपत तिनं घराला पुरा फेरा घातला आणि टेंगूळ चोळत, खिदळत मला हाक मारली, "मनकर्णाबाई, धावा! झालं हो माझं घर, मलाच आत घेत नाय!"