पाण्याला शिव्या देणारी बाई

कौसल्याबाई तलावात उतरताना शिव्या द्यायच्या. पाण्याला, काठावर बसून हसणाऱ्या पुरुषांना आणि स्वतःच्या लटपटणाऱ्या पायांनाही. अहेरीजवळच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. पन्नाशीची बाई, अंगात नवऱ्याची जुनी पँट, तरंगायला कमरेला तेलाची रिकामी कॅन बांधलेली, छातीभर पाण्यात उभी.

घर मासेमारीचं. नवरा, दीर, मुलगे, सगळे पट्टीचे पोहणारे. बायकांनी मात्र मासळी निवडायची आणि बाजारात विकायची. पाण्यात लुगडं अंगाला चिकटतं, लोक बघतात, म्हणून एकाही पोरीला कोणी पोहायला शिकवलं नव्हतं. मी यायच्या थोडं आधी, मिरची तोडायच्या हंगामात, मजूर घेऊन पलीकडे निघालेला डोंगा नदीत कलंडला. सोबतचे पुरुष पोहून काठाला लागले. कौसल्याबाई डोंग्याची कड धरून राहिल्या म्हणून वाचल्या. त्यांची नणंद जयवंती बुडाली. काठ हाकेच्या अंतरावर होता.

"लोक म्हंते, नदीनं नेली," त्या मला म्हणाल्या. "नदी काऊन नेईन? या लोकाइच्या लाजेनं मारलं तिले."

तेरावं झाल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मले पोहणं शिकव." मारोतीभाऊ हसले. "या वयात? लोक काय म्हणतीन?" त्यानंतर त्यांनी कोणाला विचारलं नाही. कॅन बांधली आणि तलाव गाठला.

भीती एवढी, की पाणी गळ्याशी आलं की त्यांचा श्वास अडकायचा. बाहेर येऊन त्या ओकायच्या. न राहवून मी म्हटलं, "एवढी भीती वाटते तर राहू द्या ना, बाई."

त्या माझ्यावरच उसळल्या. "भेव लागते तं लागू दे! पाय तं हालते ना माहे?"

एकदा काठावरच्या एकाने मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढायला घेतला. त्या तशाच निथळत त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "काढ. चांगला काढ. जयवंती बुडून राह्यली होती तवा कुठी होता रे तू?" त्याने मोबाइल खिशात घातला.

त्या वर्षीच्या पावसाळ्याआधी कॅन सुटली, बाई तिच्याशिवाय पोहू लागल्या. मग त्या मोहल्ल्यातल्या पोरींना दंडाला धरून तलावावर आणू लागल्या. मलाही सोडलं नाही. मी चंद्रपूरची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. "मॅडम, पोट्ट्याइले शिकवता, अन् सोता काठावर बसता?" मी उतरले. नाकातोंडात पाणी गेलं, सगळ्यांदेखत रडले. पण काही दिवसांनी तरंगले.

मागच्या पावसाळ्यात कौसल्याबाई तापाने गेल्या. समाजमंदिरात शोकसभा झाली. गावातले एक वजनदार गृहस्थ उठून म्हणाले, "फार शांत, सोशिक बाई होती." पुढे बसलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या.

माझ्या अंगाची आग झाली. पुरुषांनी भरलेल्या सभेत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी उठले.

"शांत नव्हत्या त्या. रागावलेल्या होत्या, मरेपर्यंत. आणि का, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे."

मारोतीभाऊंनी मान खाली घातली. मग मागून, बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "आमाले बी राग हाये, मॅडम."