दहा लाख नऊ

फौजी मास्तरांची मिशी आधी वर्गात यायची, मग मास्तर. लष्करात जवानांना गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमच्या शिराळ्याकडच्या शाळेत आले आणि आल्या दिवशीच फळ्याच्या कोपऱ्यात १०००००९ लिहून मोकळे झाले. "दहा लाख नऊ! एक आणि ती स्वतः सोडून ह्या संख्येला कशानंबी भाग जात न्हाई. जवानांनो, कुणी घालून दावला तर ही मिशी उतरवीन." आम्हा मुलींनाही ते जवानच म्हणत.

तो आकडा त्यांचा भारी लाडका. चुकलेल्याला ते छडी मारत नसत. "दहा लाख नऊफुडं हुबा ऱ्हा," म्हणत, आणि तो बिचारा फळ्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून तास काढायचा. भाग जातो का ते बघायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. हजाराच्या आतल्या मूळ संख्या एकेक घालून बघायच्या. त्यातली एकही बसली नाही, तर पुढची कुठली बसत नाही. बराकीत आपण त्या सगळ्या तपासल्यात, असं ते छातीठोकपणे सांगत.

मी नववीत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी शाळा त्या आठवड्यापुरतीच उरल्याचं जाहीर केलं. रविवारी पाहुणे मला बघायला येणार होते. आबांशी भांडायची माझी काय टाप! मग तो सगळा राग मी दहा लाख नऊवर काढला. पाटीवर भागाकार करत सुटले. सात, अकरा, तेरा... दरवेळी काहीतरी बाकी उरायचीच. शुक्रवारी २९३ शी आले आणि बाकी उरली नाही.

शनिवारी वर्गात ते सांगितलं, तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही, इतकी सगळ्यांची पाचावर धारण बसली. मास्तरांनी खडू उचलला. पहिला तीन बसला, मग चार, मग एक. शेवटचा नऊ खाली ओढला, झाले ८७९, आणि त्यांचा हात थांबला. २९३ त्रिक किती, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला त्यांची इतकी दया आली, की उगाच काढलं हे, असं वाटलं. त्यांनी तीन लिहिला, खाली पूज्य लिहिलं आणि माझ्याकडे वळले.

"बराकीत हितंच चुकलो गं मी. फुडं कुठल्या कॉलेजात जाणार हाईस?"

"कुठल्याच न्हाई," मी म्हणाले आणि रविवारचं सांगून टाकलं.

संध्याकाळी मास्तर आमच्या दारात. ओठावर नुसती पांढरट कातडी. आबाही पलटणीतूनच आलेले. ते ताडकन उठले.

"आवं मास्तर, कोण गेलं तुमचं?"

"कुणी गेलं न्हाई. तुमच्या पोरीनं उतरवली."

मग त्यांनी झालेलं सगळं सांगितलं. विनवणी अशी केलीच नाही. मी दाराआड उभी. आबा त्या उघड्या ओठाकडे बघत राहिले, माझ्याकडे एकदाही नाही. मग त्यांनी आत आईला हाक मारली.

"आगं, पाव्हण्यांस्नी निरोप धाड. म्हणावं, येऊ नगा. पोरगी शाळंत जातीया."