रजिस्टरात नसलेली राणी

शालन आक्कावर अन्याय झाला तो गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता, तिच्याच शोकसभेत. जागा, आमच्या पेठेतलं वाचनालय, जिथं तिनं एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. अन्याय करणारे, कमिटीचे अध्यक्ष आणि माना डोलावणारे आपण सगळे. अध्यक्ष म्हणाले, "शालनताईंनी या पेठेतल्या मुलींना विज्ञानाची गोडी लावली. रजिस्टर साक्षीला आहे." आणि लगेच ठराव. कोपऱ्यातलं गोष्टींचं कपाट रिकामं करायचं, राण्या-राक्षसांची 'कुणीच न वाचलेली' पुस्तकं रद्दीत घालायची आणि तिथं आक्काच्या नावानं विज्ञान विभाग काढायचा. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. गल्लीत पाणी आलं नाही तर अर्ध्या तासात पत्रक काढते. पण त्या दिवशी मी हसू दाबत बसले होते. आक्का असती तर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसली असती...

हसू ओसरलं आणि संताप आला. म्हणून लिहिते. आक्काला विज्ञानातलं काडीचं कळत नव्हतं. फ्यूज उडाला तर ती शेजारच्या चहावाल्याला हाक मारायची. तिला कळायचं ते एकच, सत्ता कशी हाती येते आणि जवळची माणसं ती कशी काढून घेतात.

मी सातवीत होते. प्रश्नसंच मागायला गेले. आक्कानं चष्म्यावरून बघितलं. "प्रश्नसंच देते की. पर त्यो वाचून हुणार काय तुजं? ह्ये बी ने." हातात आलं ते विटेएवढं जाड पुस्तक. त्यात सोळा वर्षांची पोरगी, बाप मेलेला, सिंहासन अंगावर पडलेलं, दरबारातले सगळे म्हातारे तिला 'बाळ' म्हणणारे, आणि आधार एकच, थोरली बहीण. चारशे पानं मी त्या बहिणीवर जीव टाकला. शेवटच्या पानावर तिनं किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून दिला. पुस्तक संपलं! दुसऱ्या दिवशी शाळेआधीच मी ते आक्काच्या टेबलावर आपटलं.

"दुसरा भाग दे."

"न्हाय."

"कुणी नेलाय?"

"कोन न्हेतंय? आलाच न्हाय. कमिटी म्हनली, एकाच नावाची दोन पुस्तकं कशाला घ्यायची, एक हाय की!"

खरं सांगते, पेठेतल्या आठ-दहा पोरी त्या दरवाज्यापाशी अडकून पडल्या होत्या. शेवटी आक्कानंच वाट काढली. शनिवारी दुपारी, कमिटीवाले झोपलेले असताना, तिनं आम्हाला दुसरा भाग तोंडी सांगायला सुरुवात केली. तिनं तो वाचलेलाच नव्हता. रचत होती. पोहे निवडता निवडता लढाया लावत होती. तिच्या राणीनं किल्ला परत घेतला, बहिणीला दोरखंडानं बांधून दरबारात आणलं, तेव्हा आम्ही ओरडलो, "मुंडकं उडीव म्हणावं तिचं!" आक्का म्हणाली, "मुंडकं उडवल्यावर तिला लाज कुटनं वाटायची गं?" तिच्या राणीनं शिक्षा दिली ती वेगळीच. बहिणीनं रोज सकाळी दरबारात यायचं, समोर बसायचं, आणि राणी तिला रोज विचारणार, "जेवलीस न्हवं?" आम्हाला ते अजिबात पटलं नाही. पुढं कुणीतरी खरा दुसरा भाग वाचनालयाला भेट दिला. त्यात पहिल्या पन्नास पानांतच बहिणीचं मुंडकं उडालेलं होतं. आम्ही तो आळीपाळीनं वाचला आणि येऊन सांगितलं, "आक्का, तुझाच बरा होता." आठवडाभर ती मान ताठ करून फिरत होती.

त्या शिक्षेचा अर्थ मला कॉलेजात गेल्यावर लागला. आईनं सांगितलं, आक्का एकदा कमिटीच्या अध्यक्षपदाला उभी राहिली होती. सात जणांनी देवळात भंडारा उचलून तिला शब्द दिला. हळद हातात घेऊन घेतलेली शपथ, आपल्याकडं याच्यापुढं बोलणं नसतं. मतदानात त्यातले पाच पलीकडं गेले. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला आक्कानं वाचनालय उघडलं, आणि ते पाचही जण रोजच्यासारखे पेपर वाचायला आले तेव्हा एकेकाच्या हातात पेपर देत विचारलं, "च्या झाला न्हवं?" तेव्हापासून रोज. एकानं तर कंटाळून घरी पेपर लावला.

मी तिला विचारलं, एवढा दगा पचवलेल्या बाईला परत दग्याच्याच गोष्टी कशा काय आवडतात? ती म्हणाली, "मोठी मान्सं पोरींस्नी सांगत्यात, समदी आपलीच हायत. ही पुस्तकं तसलं सांगत न्हाईत. नोकरीत न्हायतर सासरी गेल्यावर रडण्यापरीस आदीच पुस्तकात रडून घेतल्यालं बरं की!" लोक या कादंबऱ्यांना पोरकट म्हणतात. म्हणोत. माझ्या पहिल्याच मोर्चात, निवेदन ज्यानं माझ्याबरोबर बसून लिहिलं तोच दुपारी, ज्याला ते द्यायचं त्याच साहेबाच्या खुर्चीशेजारी बसलेला दिसला. बाकीच्या मैत्रिणी हादरल्या. मी हादरले नाही. तो दरवाजा मी सातवीतच उघडताना बघितला होता. मी त्याला चहा विचारला.

आता रजिस्टरचं. आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी कार्डावर पुस्तकाचं नाव वाचलं, "असली थेरं वाचायला पाठवत न्हाय मी," म्हणाले आणि तिचं वाचनालय बंद केलं. तेव्हापासून आक्कानं आम्हा सगळ्यांच्या कार्डावर आणि रजिस्टरात एकच नोंद करायला घेतली, 'विज्ञान प्रश्नसंच'. राणी घरी जायची, नोंद प्रश्नसंचाची. वर्षानुवर्षं! रजिस्टरप्रमाणं आमची पेठ म्हणजे शास्त्रज्ञांचं कोठारच. आणि तिनं आम्हाला वाचवायला लिहिलेलं तेच आज तिच्या कपाटाच्या मुळावर आलंय.

मी अध्यक्षांकडं गेले. ते म्हणाले, "रजिस्टरात त्या कपाटाची एक नोंद दाखव."

"रजिस्टर खोटं हाय."

"म्हणजे शालनताई खोटं लिहीत होत्या म्हणतीस?"

आली का पंचाईत... कपाट वाचवायचं तर आक्काला खोटं ठरवायचं. चार आठवड्यांपूर्वी झोपेत शांतपणे गेलेल्या बाईला. मी म्हटलं, "व्हय. लिवत हुती. आमच्यासाठी."

भंडारा उचललेल्या त्या पाचांतले अध्यक्ष एक, एवढं सांगते. ते म्हणाले, "सर्वसाधारण सभेत वाचक उभे राहून सांगू देत. मग बघू."

तर पेठेतल्या बायांनो, पोरींनो, आता पुण्या-मुंबईत नोकरीला असलात तरी, सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. या. मला 'आक्का लई चांगली हुती' असले मेसेज पाठवू नका, त्यानं एक पुस्तकही रद्दीतून वाचत नाही. सभेत उभ्या राहा, आणि कार्डावर प्रश्नसंच लिहून तुम्ही घरी काय नेलंत ते पुस्तकाच्या नावासकट सांगा. समोर बाप बसलेला असला तरी. मोठ्यांदा.