सात नंबरच्या खाटेची चादर

इन्शिराहने नाईलकाठच्या त्या सरकारी इस्पितळात बत्तीस वर्षं लोकांना एनिमा दिले. निवृत्तीला दोन वर्षं होतात न होतात तोच, मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी, त्याच वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर ती स्वतःच एनिमा घ्यायला येऊन पडली. घ्या आता!

नर्सिंगचं पुस्तक तिला अजून तोंडपाठ होतं. डाव्या कुशीवर निजवा, पाणी कोमट, पिशवी कमरेपासून हातभरच उंच, आणि आधी पडदा ओढा. पण पुस्तक लिहिणाऱ्याने दोन नर्सांवर तेवीस खाटा थोड्याच सांभाळल्या होत्या! वॉर्डात पिशवी टांगायची ती खिडकीवरच्या खिळ्याला, म्हणजे काम झटपट. पाणी नळाचं. पडदे तर कधीच फाटून गेले होते, त्यामुळे इन्शिराह ओरडायची, "कोण आहे गं हिचं? चादर धरा!" मग लेकीसुना चादर ताणून उभ्या राहायच्या. जिचं कुणीच नसे त्या मावशीला ती म्हणायची, "कोण बघतंय तुला, खाला? भिंतीकडे तोंड कर."

तिनेच शिकवून तयार केलेली नर्स शैमा पिशवी घेऊन आली.

"मिस, तुमचं कोण आलंय? चादर धरायला."

इन्शिराहचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. पुतण्या कुवेतला. शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी सभ्यपणे माना वळवल्या, पण उठलं कुणी नाही.

"कुणी नाही. पोरी, जरा थांबतेस? कुणाला तरी बोलाव."

"कोण बघतंय तुम्हाला, मिस?" शैमा मायेनेच म्हणाली आणि पिशवी खिळ्याला लावली.

गार पाणी सरसरून आत गेलं, पोटात मुरडा उठला. इन्शिराहने डोक्यावरचा रुमाल ओढून तोंडावर घेतला. निदान कुणाचं उघडं अंग आहे ते तरी कळू नये. आपण किती जणींना असं भिंतीकडे वळवलं, ते ती मोजू लागली आणि तिला रडूच फुटलं.

संडासातून ती भिंत धरत परतली, तेव्हा शैमा नऊ नंबरला पोचली होती. खेड्यातून आलेली एकटी म्हातारी. "कोण बघतंय तुला, खाला?"

इन्शिराहने आपल्या खाटेवरची चादर उचलली, दोन्ही हातांनी ताणली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"मिस, झोपा ना. पडाल."

"पिशवी खाली घे. आणि पाणी कोमट करून आण."

"पण तुम्हीच तर शिकवलंत..."

"चुकीचं शिकवलं. जा."

शैमा पाणी बदलायला गेली. चादरीपलीकडून म्हातारीने हळूच विचारलं, "तुझ्यासाठी कुणी धरली होती गं, बाई?"

इन्शिराहचे हात भरून आले होते.

"हो," ती म्हणाली. "माझ्या बहिणीने."

तिला बहीण नव्हती.