शिडी, गुवाहाटी आणि घरचा सल्ला

बढतीच्या मुलाखतीसाठी मी आरशासमोर उभं राहून एक इंग्रजी वाक्प्रचार घोटला होता, 'क्लाइंब द लॅडर'. अर्थ सरळ आहे. शिडी चढावी तसं नोकरीत एकेक हुद्दा वर जायचं. वापर मात्र जपून करावा. दुसऱ्याबद्दल वापरला तर आपण जळतोय असं वाटतं, आणि स्वतःबद्दल वापरला तर काय होतं ते सांगतो.

मी इकडे उत्तरेत रेल्वेत इंजिनिअर. मुलाखतीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "प्रमोशन क्यों चाहिए आपको?"

मी छाती फुगवून शिडी पुढे केली. साहेब खूश झाले. "वाह. फिर तो गुवाहाटी जाने में दिक्कत नहीं होगी?"

आमच्याकडे बढतीच्या पाठोपाठ बदली येते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण बायको इंदिरा नगरच्या शाळेत नुकतीच कायम झालेली आणि मुलगी बारावीत. दोघी डोळ्यांपुढे आल्या आणि तोंडातून निघून गेलं, "सर, घर पे पूछ के बताता हूँ."

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून.

घरी बायको मेथी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अहो, म्हणजे नकार माझ्या नावावर?"

"नकार कुठे, सल्ला."

मुलीनं पुस्तकातून मान वर केली. "पापा, आप अकेले चढ़ जाओ ना. हम नीचे से पकड़े रहेंगे."

"चढतील," बायको म्हणाली, "पण तिथे ह्यांना साधा वरणभात तरी लावता येणार आहे का?"

गंमत म्हणजे, माझी निवड झाली. साहेबांनी फोन केला, "घर से जवाब आया?" मी आलेलं उत्तर सांगितलं, म्हणजे नकारच. आता काही काळ तरी बढतीसाठी माझं नाव पुढे येणार नाही.

माझ्याऐवजी हाताखालचा एक तरुण गेला. त्याला पोचवायला मी चारबाग स्टेशनवर गेलो. पाया पडत त्यानं विचारलं, "सर, आप क्यों नहीं गए?" मी शिडीचा अर्थ समजावून सांगायला लागलो आणि सुदैवानं गाडी सुटली.

परतताना मटार घेतले. सोलायला तिघंही बसलो. बायको म्हणाली, "गुवाहाटीत असे मिळतात का हो?"

"विचारून सांगतो," मी म्हटलं.